सापळा नसलेली जागा

पानावरून रोग ओळखणारी माणसं नाशिक जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत पानावर तेलकट डाग दिसला की केवडा, लासलगावकडे कांद्याच्या पातीवर चंदेरी ओरखडे दिसले की फुलकिडे, हे पोरंसुद्धा बांधावर ऐकत मोठी होतात. शहरात राहायला आलं तरी ही नजर जात नाही. पण गॅलरीतल्या व्हीनस फ्लायट्रॅप, घटपर्णी किंवा दवबिंदू या किडे खाणाऱ्या झाडांपुढे उभं राहिलं की हीच पक्की नजर चकते. पानावर मेलेला किडा दिसतो, तो कीड नसतो, झाडाचं जेवण असतं. मुंग्यांची रांग दिसते आणि मावा, म्हणजे मुंग्यांना गोड चिकटा पुरवणारी बारीक रसशोषक कीड, कुठेच सापडत नाही. पान काळं पडतं आणि झाड मात्र ठणठणीत असतं. मग घाबरून कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, तंबाखूचा काढा असं काहीतरी मारलं जातं, आणि जे झाड किडीने मरणार नव्हतं ते औषधाने मरतं.

म्हणून उपायांच्या आधी निदान नीट व्हायला हवं, आणि या झाडांचं निदान त्यांच्या रचनेपासून सुरू करावं लागतं.

किडे खाणाऱ्या झाडाला कीड लागतेच कशी, असं लोक हमखास विचारतात. उत्तर सरळ आहे: झाडाचा सापळा ठरावीक जागीच असतो, बाकीचं झाड इतर झाडांइतकंच उघडं असतं. फ्लायट्रॅपच्या प्रत्येक पाळीवर आतल्या बाजूने सहसा तीन केस असतात. साधारण वीस सेकंदांच्या आत त्यांना दोनदा धक्का लागला तरच सापळा मिटतो. माव्यासारख्या इवल्याशा किड्याने ते केस हलत नाहीत, आणि तसंही मावा सापळ्यात कशाला जाईल? तो मधल्या कोवळ्या कोंबात जातो. दवबिंदूचे चिकट थेंब पानाच्या वरच्या अंगाला असतात, खालचं अंग आणि देठाचा तळ बहुतेक मोकळा. घटपर्णीचा घट हा पानाच्या टोकाला लोंबणारा भाग आहे, आपण ज्याला पान म्हणतो त्या रुंद पात्यावर सापळा नाहीच. कीड या मोकळ्या जागांवर राहते, आणि तपासणी तिथूनच सुरू करायची. सापळा शेवटी बघायचा.

काही किडी तर याहून पुढे गेल्या आहेत. बकलेरिया नावाच्या पिसपतंगाची अळी दवबिंदूच्या पानावर बसून दवबिंदूच खाते. आधी चिकट थेंब पिऊन टाकते, मग त्याखालचे केस, मग पान. फ्लोरिडातल्या अशा अळीबद्दल कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझ्नर यांनी १९६५ मध्ये लिहिलं आहे. आपल्या गॅलरीत ती येण्याची धास्ती घ्यायला नको, पण चिकटपणा म्हणजे अभेद्य कवच हा समज त्या एका अळीमुळे कायमचा जातो.

तपासणीला फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, चिमटा, मोबाइलचा दिवा आणि पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर. दिवा वरून धरू नये, पानाला समांतर, तिरपा धरावा. तसा धरला की लाल कोळी या बारीक किडीचं जाळं, माव्याची कात आणि फुलकिड्यांनी खरवडलेला पृष्ठभाग एकदम उठून दिसतो. क्रमही ठरवून घ्यावा: आधी मधला कोंब, मग वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाची खालची बाजू, मग पानांच्या बेचक्या, मग कुंडीत मातीऐवजी भरलेल्या मॉसचा (शेवाळाचा) पृष्ठभाग, आणि कुंडीखालची भोकंही.

माव्यावर थोडं जास्त थांबतो, कारण फ्लायट्रॅप आणि दवबिंदूचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो आणि सगळ्यात उशिरा तोच सापडतो. तो कोंबाच्या घडीत, अजून न उलगडलेल्या पानांमध्ये सोंड खुपसून बसतो. त्यामुळे आज जे पान वाकडं दिसतंय त्याला इजा ते कोंबात असतानाच झालेली असते. फ्लायट्रॅपचं नवं पान पिळवटलेलं येतं, सापळ्याच्या दोन पाळ्या असमान होतात, दात एका बाजूला वाकतात किंवा गळतात. दवबिंदूचं पान आखूड, गुंडाळलेलं आणि कोरडं राहतं. पानं बिघडलेली दिसत असूनही मावा दिसला नाही तर कात शोधावी. कोंबाच्या तळाशी पांढरे, कोंड्यासारखे बारीक कण पडलेले असतात, त्या माव्याने टाकलेल्या काती. धूळ फुंकरीने उडते, कात चिकटून राहते. आपल्या हवेत माव्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्लं देतात. त्यामुळे चिमट्याने दहा टिपले आणि एक राहिला, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढेच दिसतात.

याच लक्षणाची एक नक्कल नाशिककरांना माहीत असायला हवी. मखमलाबाद, म्हसरूळच्या बाजूला शेतं घरांना लागून आहेत. गव्हात किंवा उसात २,४-डी हे तणनाशक मारलं आणि वारा घराकडे असला, तर कोवळी पानं अगदी माव्याने पिळल्यासारखी वाकडी येतात. द्राक्षाचा वेल या तणनाशकाला किती हळवा असतो ते बागाईतदारांना सांगायला नको. फरक ओळखायचा तो असा: तणनाशकाने एकाच आठवड्यात सगळ्या कुंड्यांतले कोंब वाकडे होतात, शेजारचा टोमॅटो किंवा जास्वंदही त्यात येते, आणि भिंगाखाली एकही कात सापडत नाही. माव्याची लागण एका कुंडीत सुरू होते आणि सरकत जाते. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) तुषार उडून आले तर ठिपके पडतात, तेही वाऱ्याच्या बाजूच्या पानांवर, जुन्या-नव्या सगळ्यांवर एकाच दिवशी. कीड अशी एका दिवसात सगळीकडे सारखी पसरत नाही. तांबं मॉसला आणि या झाडांना मानवत नाही, म्हणून शेजारी फवारणी असेल त्या दिवशी कुंड्या आत घ्याव्यात.

आता मुंग्या. शेतात आपण मुंगीच्या मागे जाऊन मावा किंवा मिलीबग (पिठ्या ढेकूण) गाठतो, आणि तिथे हा नियम बरोबरच आहे. इथे तो अर्धाच चालतो. घटपर्णीच्या पानांवर आणि घटाच्या काठावर, तसंच सॅरेसेनिया या उभ्या नळीसारख्या पानांच्या कीटकभक्षी झाडाच्या नळीच्या बाहेरच्या अंगावर मधुरसाच्या ग्रंथी असतात. झाड स्वतःहून गोड थेंब गाळतं आणि शिकार बोलावतं. घटपर्णीच्या पानाखाली, लोंबत्या देठावर स्वच्छ, पारदर्शक, सुटे सुटे थेंब दिसले तर ते झाडाचेच. माव्याचा किंवा मिलीबगचा चिकटा वेगळा: तो खालच्या पानांवर, खिडकीच्या चौकटीवर पातळ थरासारखा पसरतो, धूळ धरतो आणि थोड्या दिवसांत त्यावर काळी बुरशी येते. मुंग्या कुठे जातात तेही बघावं. घटाच्या काठावर फिरत असतील तर चांगलंच आहे. पानाच्या बेचकीत किंवा कुंडीच्या तळातल्या भोकात शिरत असतील तर तिथे मिलीबग शोधावा.

मिलीबगबद्दल नाशिकमध्ये वेगळं काय सांगणार. घटपर्णीच्या बेचक्यांत, घटाच्या झाकणाखाली कापसासारखे पुंजके. मुळांवरचा मिलीबग मात्र वरून दिसत नाही, झाड कारणाशिवाय खंगत चाललं तर कुंडी उलटी करून मुळांवरचे पांढरे ठिपके बघावे लागतात. एक सावधगिरी: मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या पांघरलेली असते. द्राक्षबागांमध्ये हा मित्रकीटक सोडतात, त्यामुळे तो गॅलरीत भटकत येऊ शकतो. मिलीबगपेक्षा मोठी, झिपऱ्या लांब, आणि हात लावताच भराभर चालणारी दिसली तर ती चिरडू नये. खवले कीड पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेलगत तपकिरी टिकल्यांसारखी चिकटते. नखाने उचकटून बघावं: आतून ओलं निघालं तर जिवंत, कोरडी भुकटी निघाली तर मेलेलं खवलं.

फुलकिडे आणि कोळी यांत लोक सर्रास घोटाळा करतात, आणि औषध चुकतं ते इथेच. दोघंही पानाचा रंग उडवतात. फुलकिडे पान खरवडून रस चोखतात, म्हणून चंदेरी किंवा फिकट तपकिरी चट्टे पडतात आणि त्या चट्ट्यांवर त्यांच्या विष्ठेचे काळे, चमकदार ठिपके असतात. सॅरेसेनियाच्या नळीवर हे चट्टे पुढे खडबडीत होतात. लाल कोळी एकेका पेशीत सुई टोचतो, म्हणून सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके हजारोंनी दिसतात आणि लागण वाढली की पानांच्या बेचक्यांत बारीक जाळं येतं. खात्री करायला पान पांढऱ्या कागदावर झटकावं. लांबट, पिवळसर किंवा काळपट आणि चटकन पळणारं ते फुलकीड. गोल, संथ, आठ पायांचं तो कोळी. कागदावर बोट फिरवल्यावर लालसर किंवा हिरवट रेघ उमटली तर कोळीच.

दोघांचाही आपल्याकडचा जोर फेब्रुवारीअखेर ते मे. हवा कोरडी होते, पारा चाळिशीला भिडतो आणि कोळ्याची एक पिढी आठवडाभरात पुरी होते. शिवाय याच दिवसांत आसपासचं रब्बीचं पीक वाळतं, काढणी होते, आणि फुलकिडे हिरवं काही शोधत उडतात. या काळात दवबिंदूच्या पानावर काय अडकलंय ते भिंगातून रोज बघावं. पानाला चिकटलेले मेलेले फुलकिडे दिसले तर शेजारच्या सॅरेसेनियाची तपासणी त्याच दिवशी करावी. बागेत निळे-पिवळे चिकट सापळे जे सांगतात ते इथे झाडच सांगतं. चिलटं अडकलेली दिसली तर कुंडी फार ओली आहे आणि मातीत त्यांच्या अळ्या असाव्यात. कच्च्या बटाट्याची चकती मॉसवर ठेवून दोन दिवसांनी उलटावी. काळ्या डोक्याच्या, पारदर्शक अळ्या खाली जमलेल्या दिसतात. मोठ्या झाडाला त्यांचा फारसा त्रास नाही, बियांपासून उगवलेली रोपं मात्र त्या मुळासकट संपवतात. मॉसवर टुणटुण उड्या मारणारे पांढरे बारीक जीव, पाणी घातल्यावर तरंगणारे, ते स्प्रिंगटेल. कुजलेलं खातात, त्यांना राहू द्यावं.

पावसाळ्यात कुरतडलेली पानं दिसतात. चंदेरी ओघळ असेल तर गोगलगाय, काळ्या-हिरव्या गोळ्यांसारखी विष्ठा असेल तर अळी. दिवसा दोघंही लपतात, रात्री नवाच्या सुमारास दिवा घेऊन गेलं की सापडतात. उचलून टाकणं हाच उपाय.

आणि आता जे कीड नाहीच ते, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. फ्लायट्रॅपचा एखादा सापळा काळा पडला, बाकीचे हिरवे आहेत: त्याने बहुधा फार मोठा किडा धरला होता आणि पाय-पंख बाहेर राहिल्याने तोंड नीट बंद झालं नाही. आत कुजलं. किडा सापळ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. तीन-चार शिकारींनंतर सापळा तसाही वाळतोच. नोव्हेंबरपासून पानं आखूड होऊन जमिनीला टेकली आणि जुने सापळे काळवंडले तर ती हिवाळी झोप. नाशिकची थंडी त्या झोपेला बहुधा पुरते, मुंबईकरांना यासाठी फ्रिज वापरावा लागतो. कोंब टणक आणि फिकट हिरवा असला की निश्चिंत राहावं. कोंब मऊ होऊन त्यावर राखाडी लव आली तर ती बॉट्रायटिस बुरशी, मेलेली पानं तळापासून काढून हवा खेळती करावी.

दवबिंदूचे थेंब दुपारी नाहीसे झाले आणि सकाळी सातला परत आले तर फक्त हवा कोरडी आहे. घटपर्णीला पानं येतात पण टोकाचा बोंडासारखा भाग वाळून जातो, घट होतच नाही: हेही मार्च ते मेमधलं कोरड्या हवेचंच लक्षण. पण पानांच्या कडा तपकिरी, वाढ थांबलेली, मॉसवर पांढरट पापुद्रा, असं असेल तर मीटर पाण्यात बुडवावा. ५० पीपीएमच्या आत उत्तम, १०० च्या वर गेलं की आज ना उद्या मुळं जळणार. बोअरचं पाणी या झाडांना नकोच. नळाचंही मोजल्याशिवाय देऊ नये. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पहिले दोन-तीन जोरदार पाऊस वाहून जाऊ दिल्यावर झाकणाच्या पिंपात भरून ठेवलं तर वर्षभराची चिंता मिटते. नाहीतर आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी.

उपायांकडे येतो. आपल्याकडे हाताशी असलेली, शेतात चांगली ठरणारी सगळीच औषधं इथे चांगली ठरत नाहीत. दशपर्णी अर्क आणि जीवामृतात अन्नद्रव्यं आहेत, आणि या झाडांची मुळं उपाशी जमिनीसाठी घडलेली आहेत. अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात सीतेची आसवं (हीही किडे खाणारीच वनस्पती) ज्या खडकाळ, पाणथळ, निकस जागी फुलतात, ती जागा आठवावी. साबणाने ग्रंथींचं आवरण जातं. कडुनिंबाचं तेल दवबिंदू आणि पिंग्विक्युला या दुसऱ्या चिकट पानांच्या झाडाच्या पानावर बसलं की थेंब परत येत नाहीत. घटपर्णी थोडं सोसते, तेही सौम्य प्रमाणात आणि सूर्य मावळल्यावर.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूवरच्या माव्याला, कोळ्याला, फुलकिड्यांना पहिला उपाय बुडवणं. कुंडीच्या तोंडावर सुती कापड बांधावं, म्हणजे मॉस तरंगत नाही. पावसाच्या पाण्याच्या बादलीत अख्खं झाड कोंबासकट २४ ते ४८ तास बुडवून सावलीत ठेवावं, वर दगड. कोंबातली हवा अडकू नये म्हणून पाण्याखाली बोटाने पानं हलवावीत, नाहीतर मावा त्या बुडबुड्यात तगून राहतो. बाहेर काढल्यावर दोन दिवस कडक ऊन नको. फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात, ती बुडवून मरत नाहीत. म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा. घटपर्णीला बुडवू नये. तिच्यावरच्या मिलीबगला आणि खवल्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फक्त किड्यावर टेकवावा, मग स्वच्छ पाण्याने धुवावं, आठवड्यातून एकदा, चार आठवडे.

रासायनिक औषध शेवटी. मावा, मिलीबग, खवले यांना इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, लिटरला ०.३ मिली, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून, हातमोजे घालून, घराबाहेर. फूल उघडलेलं असताना कधीच नाही, मधमाशा मरतात. आधी एका पानावर मारून आठवडाभर वाट बघावी. कोळ्यावर हे औषध चालत नाही, उलट त्याचे शत्रू मरून कोळी वाढू शकतो. म्हणूनच मघाशी फुलकीड आणि कोळी ओळखण्यावर एवढा भर दिला. बाटलीवर ईसी लिहिलेली, तेलकट द्रावकात विरघळवलेली औषधं टाळावीत, ते द्रावक या पानांना जाळतं. चिलटांच्या अळ्यांना बीटीआय जिवाणूंचं औषध पाण्यातून द्यावं. त्याने बशीत साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्याही मरतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत ते फार महत्त्वाचं आहे. तरीही बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीच.

नवीन आणलेलं झाड तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या बशीत ठेवावं. नर्सरीतून आलेलं असो वा कुरिअरने.

उपायानंतरची चूक सगळ्यात जास्त होते, ती अशी: मावा मेलेला असतो, पण पुढची दोन-तीन पानं तरीही वाकडी येतात, कारण ती कोंबात घडत असतानाच टोचली गेली होती. ती बघून लोक पुन्हा औषध मारतात, जास्त कडक मारतात. जुनं पान कधीच सरळ होत नाही, त्याच्याकडे बघून काहीच ठरवू नये. उपाय झाला त्या दिवशी सगळ्यात नव्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधावा आणि त्यानंतर येणारी पानं मोजावीत. फ्लायट्रॅपला नवं पान यायला एक-दोन आठवडे, घटपर्णीला तीन-चार आठवडेही लागतात. दोऱ्यानंतरचं चौथं पान सरळ आलं आणि कोंबात नवी कात नसेल तर कुंडी परत इतरांजवळ ठेवावी. चौथंही वाकडंच आलं तर भिंग घेऊन पुन्हा कोंबापासून सुरुवात करावी, आणि या वेळी पाण्याचा मीटरही सोबत ठेवावा.